बाजूचा दात आलाच नाही: फट बुजवावी की राखावी?

भाचीच्या वरच्या समोरच्या दोन मोठ्या दातांशेजारचा उजवा दात 8-9व्या वर्षी यायला हवा होता. अकरावं लागलं तरी पत्ता नाही. "येईल गं, आपल्या घरात दात उशिराच येतात," आजी म्हणायची. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला तर हिरडीत दाताचं बीजच नाही. मग आजीलाच आ करायला लावलं. तिचाही तो दात नाही. साठ वर्षांचा उशीर! ही उणीव पुष्कळदा घराण्यातून उतरते. भाचीचा डावीकडचा दात आलाय, पण खुंटीसारखा बारीक; तोही त्याच दोषाचा भाऊबंद.

वाटा दोन. मागचा सुळा तारांनी पुढे ओढून फट बुजवायची, नाहीतर फट राखून तिथे कृत्रिम दात बसवायचा.

दुसरी वाट ऐकायला सरळ वाटते. अडचण वयाची आहे. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूसारखं मूळ घालून बसवलेला दात, हाडात पक्का रुततो, आजूबाजूचे दात मात्र जबडा वाढेल तसे खाली उतरत राहतात. तेराव्या वर्षी बसवला तर काही वर्षांत तोच दात आखूड दिसायला लागतो. म्हणून मुलींसाठी निदान 17-18 वर्षांपर्यंत थांबतात, मुलांसाठी आणखी दोन-तीन वर्षं. तोवर रिकाम्या जागेचं हाड बारीक होतं, कधी हाड भरावंही लागतं. मधल्या काळात काढघालीची प्लेट किंवा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला एका पंखाचा ब्रिज, म्हणजे टेकू दिलेला खोटा दात. तो दिसतो छान, पण निघूही शकतो. नागपुरात फुटाळा तलावावर भुट्टा घेतला तर दाणे काढून खायचे, कुरतडायचा नाही.

फट बुजवली की सगळे दात स्वतःचे. दीड-दोन वर्षं तारा, पुढे रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून लावायची पट्टी. बारावीच्या आत सुटका. पण सुळा जाड, टोकदार, जरा पिवळसर. टोक घासून, कडांना कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावून त्याला शेजारच्या दाताचं सोंग द्यावं लागतं, आणि ते कॉम्पोझिट अधूनमधून टवकतं. सुळ्याच्या जागी उपदाढ येते. एकाच बाजूचा दात नसेल तर समोरच्या दोन दातांमधली रेघ सरकण्याची भीती; मग दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून डावीकडची खुंटी काढायचाही सल्ला मिळतो. ते ऐकून ताई हबकलीच. आहे तोही दात काढायचा?

वरचे दात पुढे आलेले किंवा दाटीवाटीत असतील, सुळाही फार जाड नसेल, तर मी बुजवण्याच्या बाजूची. वरचा जबडा मागे असेल, दात आधीच विरळ असतील, तर राखावी. ओढाताणीने ओठ आणखी आत जातो.

खर्चाचं म्हणाल तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तो खासगीपेक्षा बराच कमी, चकरा मात्र जास्त आणि रांगेत शाळेचा दिवस जातो. ताईने तेही जमवलं असतं, पण अडलं होतं खुंटीवर. शेवटी डॉक्टरांना म्हटलं, दातांच्या साच्यावर दोन्ही मांडून दाखवा. त्यांनी प्लास्टरचे दात कापून मेणात लावले, दोन साचे टेबलावर ठेवले. भाचीने बुजवलेला उचलला, आरशाशी धरून पाहिला आणि विचारलं, "सुळा घासताना दुखतं का?"