मोतीबिंदू: थेंब घालत राहावे की ऑपरेशन करून मोकळे व्हावे?

आत्याने एका सकाळी चष्मा न लावता सुईत दोरा ओवला आणि ती सुई घरभर दाखवत फिरली. पासष्टी उलटल्यावर हे जमले म्हणून हरखलीच होती. चार महिने ती डोळ्यांत मध घालत होती आणि रात्री भिजवलेल्या त्रिफळ्याच्या पाण्याने सकाळी डोळे धूत होती, तेव्हा श्रेय कुणाला मिळाले हे सांगायला नको. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाहुली मोठी करून तपासले, तर मोतीबिंदू आधीपेक्षा वाढलेला.

आत्याचे दिसणे खरे होते, तिने लावलेले कारण मात्र चुकीचे होते. मोतीबिंदूत डोळ्यातल्या भिंगाचा मधला गाभा घट्ट होऊ लागला की प्रकाश वाकवण्याची त्याची ताकद वाढते. डोळ्याला मायनस नंबर येतो आणि जवळचे वाचायला चष्मा लागेनासा होतो. लांबचे त्याच वेळी बिघडत असते, पण सुई ओवणाऱ्याचे तिकडे लक्ष नसते. पुढे गढूळपणा वाढला की ही चैनही संपते. ‘औषधाने चष्मा सुटला’ या हकिकतींपैकी बऱ्याच या जातीच्या असाव्यात असे मला वाटते. मधुमेह्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. रक्तातली साखर वरखाली झाली की भिंगाचा नंबरही हलतो. औषधासोबत कडक पथ्य सुरू झाले, साखर आटोक्यात आली, की धूसरपणा थोडा कमी होतो आणि नाव थेंबांचे होते. डोळे कोरडे असतील तर कुठलाही ओलावा घटकाभर बरा वाटतो, तेही वेगळेच.

म्हणून तुलना करायची तर आधी भिंगात काय होते ते बघावे लागते. भिंग म्हणजे साधारण दोन तृतीयांश पाणी आणि एक तृतीयांश प्रथिने. ही प्रथिने नीट रचलेली असतात म्हणून भिंग पारदर्शक. वय, मधुमेह, स्टिरॉइड, धूम्रपान, ऊन, मार यांमुळे ती बिघडतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होते, तोच मोतीबिंदू. भिंगाला रक्तपुरवठा नाही, जुन्या पेशी झडूनही जात नाहीत. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे.

आता आयुर्वेदिक औषधांची बाजू. पोटातून त्रिफळा घृत, सप्तामृत लोह, बाहेरून अंजन, आणि नेत्रतर्पण, म्हणजे डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचे पाळे करून त्यात कोमट औषधी तूप धरायचे. तर्पणाने कोरड्या, थकलेल्या डोळ्यांना आराम वाटतो, ते कुणी नाकारत नाही. त्रिफळा आणि हळदीतल्या कुरकुमिनवर प्रयोगशाळेत कामही झाले आहे. उंदरांच्या पिल्लांना सेलेनाइट हे रसायन देऊन मोतीबिंदू घडवतात, तो अशा औषधांनी कमी प्रमाणात होतो असे दिसले. पण ही झाली होऊ घातलेला मोतीबिंदू अडवण्याची गोष्ट, तीही उंदरात. माणसाच्या डोळ्यात झालेला मोतीबिंदू कुठल्या काढ्याने, तुपाने किंवा थेंबांनी विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. आधुनिक औषधांनीही वेगळे दिवे लावलेले नाहीत. 2015 मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने कुत्र्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू कमी झाल्याची बातमी गाजली. नंतर माणसाच्या काढलेल्या भिंगांवर ते वापरून पाहिले, तर काही फरक पडला नाही.

मध, कांद्याचा रस, आले आणि लिंबू यांचे मिश्रण मात्र मी औषधांत धरतच नाही. ते घातले की डोळा चुरचुरतो, पाणी वाहते आणि ‘घाण निघाली’ असे वाटते. ते फक्त अश्रू असतात. घरातला मध निर्जंतुक नसतो आणि बुबुळाला जखम होऊन जंतुसंसर्ग झाला तर तिथे पांढरा डाग कायमचा राहतो. लेबल नसलेल्या थेंबांत स्टिरॉइड निघाले तर मोतीबिंदू वाढतोच, वर डोळ्याचा दाबही चढतो.

सगळ्यात नवल मला सुश्रुताचे वाटते. आयुर्वेदाला ‘ऑपरेशनचा पर्याय’ म्हणून पुढे करणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचा उत्तरतंत्र हा भाग उघडून पाहावा. तिमिराच्या, म्हणजे नजर धूसर होऊ लागल्याच्या, अवस्थेत औषधे सांगितली आहेत, पण कफज लिंगनाशावर, म्हणजे ज्याला आपण पिकलेला मोतीबिंदू म्हणू त्यावर, थेट शस्त्रकर्म. आठ अंगुळे लांब, मधोमध सूत गुंडाळलेली तांब्याची, लोखंडाची किंवा सोन्याची शलाका, म्हणजे सळई, आणि नंतर शिंकू नये, खोकू नये, थुंकू नये अशी बजावणी. त्यात गढूळ भाग बाहुलीसमोरून फक्त बाजूला सारला जाई. आजचे वैद्यही काही वेगळे म्हणत नाहीत. 2020 साली केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शालाक्यतंत्राच्या, म्हणजे डोळे, कान, नाक, घसा यांच्या शाखेच्या, पदव्युत्तर वैद्यांसाठी शस्त्रक्रियांची जी यादी काढली, तीत मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे.

ऑपरेशनची बाजू सांगायला सोपी. फेको या आजच्या पद्धतीत तीन मिलिमीटरहून लहान छेदातून भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात आणि घडी घातलेले कृत्रिम भिंग आत उलगडतात. बहुधा थेंबांची भूल पुरते, अर्ध्या तासाच्या आत काम होते, त्याच दिवशी घरी. भिंग बसवण्याची कल्पना इंग्लिश नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांची, 1949 सालची. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या झाकणाचे ॲक्रिलिकचे कण अडकले, तरी डोळा चिडत नाही हे त्यांनी पाहिले होते. धोके आहेतच. आतला जंतुसंसर्ग चांगल्या ठिकाणी हजारात एखाद्यापेक्षाही कमी लोकांना होतो, पण झाला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर उतरली तर त्याच दिवशी दाखवायचे. भिंगामागची पिशवी पुढे धूसर होते काहींची. ती लेसरने मोकळी करतात. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, ऑपरेशनच्या वेळी त्याने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो.

मग घाई करायची का? बहुतेकांना नाही. वाचन, चालणे, गाडी चालवणे अडत नसेल तर चष्म्याचा नंबर बदलून वर्षभर सहज काढता येते, आणि त्या काळात ज्याला हवे त्याने वैद्यांकडून पोटातले औषध जरूर घ्यावे. तपासणी तेवढी चुकवू नये. ‘पिकू दे, मग काढू’ हा सल्ला मात्र जुना झाला. फार पिकलेले भिंग टणक होते, काढायला अवघड जाते. कधी ते फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब एकदम चढवते आणि मग असह्य दुखणे. दुसरा धोका गैरसमजाचा. काचबिंदू किंवा मधुमेहाने पडद्याची झालेली हानी ‘मोतीबिंदूच आहे’ म्हणून थेंबांवर ढकलली गेली, तर गेलेली नजर ऑपरेशननेही परत येत नाही.

आत्याचे दोन्ही डोळे झाले. लांबच्या नजरेचे साधे भिंग बसवले, त्यामुळे रस्त्यापलीकडची पाटी ती खडखडीत वाचते. सुई ओवायला तेवढा परत चष्मा लागतो, आणि त्याबद्दल ती अजून कुरकुरते.