एल्मिनाची एक दिवसाची सहल : कोठड्यांना तासभर, चॅपलला चार मिनिटे

नोकरीनिमित्त घानाची राजधानी अक्रा येथे राहणारी भारतीय कुटुंबे पाहुणे आले की त्यांना केप कोस्ट आणि एल्मिना येथील किल्ले दाखवायला नेतात. मीही गेल्या महिन्यात एका स्थानिक प्रवासी कंपनीमार्फत ही सहल केली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार वाहनाविषयी किंवा चालकाविषयी नसून वेळापत्रकाविषयी आहे. गाडी स्वच्छ होती, पहाटे पाचच्या ठोक्याला दारात आली, आणि कासोआची रोजची कोंडी सुरू होण्याआधीच आम्ही शहर मागे टाकले होते. केप कोस्टला दुपारी येताना थांबायचे ठरले होते, म्हणून आम्ही थेट एल्मिना गाठले.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये सोन्याच्या व्यापारासाठी बांधला. १६३७ मध्ये डचांनी तो जिंकून घेतला आणि त्यांच्या वेस्ट इंडिया कंपनीने पुढची दीडशेहून अधिक वर्षे येथून माणसे जहाजांत भरून अटलांटिकपार पाठवली. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना चुन्याने रंगवलेल्या या जाड भिंती अनोळखी वाटणार नाहीत. फरक इतकाच की ती वखार डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीची होती आणि हा किल्ला वेस्ट इंडिया कंपनीचा.

किल्ल्यातील मार्गदर्शकाचे काम पाचपैकी पाच गुणांचे आहे. त्याने आवाज चढवला नाही, पाठ केलेले बोलतो आहे असेही कुठे वाटले नाही. स्त्रियांच्या कोठड्यांपुढचे अंगण आणि त्यावर झुकलेला गव्हर्नरचा सज्जा दाखवून, त्या सज्जातून खाली पाहून गव्हर्नर एखादी स्त्री कशी निवडत असे, हे त्याने दोन वाक्यांत सांगितले आणि तो गप्प राहिला. दारावर कवटी कोरलेल्या कोठडीत त्याने आम्हा नऊ जणांना आत घेतले आणि दार ओढून घेतले. अर्धा मिनिट असेल. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी मोबाइलचा दिवा लावला आणि लगेच विझवला. बंड करणाऱ्या कैद्यांना येथे अन्नपाण्याशिवाय मरेपर्यंत ठेवत, हे दार पुन्हा उघडल्यावर सांगितले गेले, आणि तो क्रम योग्यच होता.

त्यानंतर जिना चढून आम्ही डच चॅपलमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनागृहात, गेलो, आणि येथेच सहलीचे गणित चुकले. कोठड्यांना तासभर दिला होता. चॅपलसाठी चालकाने खालून हात करेपर्यंत जेमतेम चार मिनिटे मिळाली. खोली साधी आहे. तिच्या दारावर बायबलच्या स्तोत्रसंहितेतील १३२व्या स्तोत्राचे डच शब्द आहेत : सियोन (जेरुसलेमची पवित्र टेकडी) हे परमेश्वराचे विश्रांतिस्थान, हेच त्याचे सर्वकाळचे वसतिस्थान. लहानपणापासून आमच्या ख्रिस्ती मंडळीत ऐकलेले हे स्तोत्र तेथे वाचताना मला ओशाळल्यासारखे झाले. खाली अंगणात मागे राहिलेल्या दोघीजणी पाण्याच्या बाटलीविषयी बोलत होत्या, आणि त्यांचा शब्दन् शब्द मला दारात उभ्या उभ्या ऐकू येत होता.

क्रूरता दाखवता येते, कारण तिच्या बेड्या उरतात. सामील असणाऱ्यांचे तसे काही उरत नाही. उरते एक रिकामी खोली, आणि म्हणूनच बहुधा तेथे कोणी थांबत नाही. रविवारी या बाकांवर बसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कोणावर चाबूक उगारलाही नसेल. कोणी हिशेब लिहीत होता, कोणी आणलेल्या माणसांचे दात आणि सांधे तपासत होता, कोणी कोठाराच्या किल्ल्या सांभाळत होता, आणि उपदेशकाचा पगारही त्याच कंपनीच्या तिजोरीतून येत होता. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीशेजारी आडवे होणाऱ्यांना आणि दंडाच्या पैशाचा द्राक्षारस देवाच्या घरात पिणाऱ्यांना बायबलमधील आमोस संदेष्ट्याने ज्या शब्दांत झोडपले आहे, ते या खोलीत बसून वाचावेत.

याच चॅपलचा एक उपदेशक म्हणजे याकोबस कापिटाइन. त्याच्याविषयी मी विचारले, तेव्हा मार्गदर्शकाला सर्व ठाऊक होते असे दिसले. वेळ फक्त आमच्या गाडीला नव्हता. कापिटाइन याच किनारपट्टीवरचा, बालपणी विकला गेलेला मुलगा. एका व्यापाऱ्याने त्याला १७२८ मध्ये हॉलंडला नेले, तेथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो लायडन विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकला. १७४२ मध्ये त्याने लॅटिनमध्ये प्रबंध सादर केला, आणि त्याचे प्रतिपादन असे की गुलामगिरी ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही, कारण ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, देहाचे नाही. डच भाषांतराच्या आवृत्त्या भराभर निघाल्या. त्याच वर्षी धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊन तो एल्मिनाला आला, मुलांसाठी शाळा चालवली, प्रभूची प्रार्थना तेथील फांटी भाषेत आणली आणि १७४७ मध्ये, तिशीच्या आसपास, कर्जबाजारी अवस्थेत वारला.

त्याला फितूर ठरवणे सोपे आहे, आणि मला ते पटत नाही. त्या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा तोच होता. एका आफ्रिकी तोंडून हवे ते उत्तर मिळाल्यावर ज्यांची झोप सुखाची झाली, ते वाचक, ते प्राध्यापक आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून, दीक्षा देऊन पाठवणारे मंडळीचे वडीलजन यांची नावे कोणी विचारत नाही. हे मी कोरड्या अंगाने लिहीत नाही. आमच्या मंडळीच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या समितीत, काही वर्षांपूर्वी एका सफाई कामगाराला चोरीच्या आळाखाली काढले गेले. आळ खोटा असावा असे मला वाटत होते, तरी इतिवृत्तावर माझी सही आहे. कोणी दमदाटी केली नव्हती. चहा आला होता आणि सर्वांना घरी जायचे होते.

उरलेल्या सहलीविषयी थोडक्यात. जेवण समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये होते. भाजलेला तिलापिया मासा आणि बांकू (आंबवलेल्या पिठाचा शिजवलेला गोळा) उत्तम, मिरचीचा ठेचा आपल्या जिभेला मानवणारा. तेथे मात्र दोन तास गेले, आणि त्यापायी केप कोस्टचा किल्ला, जेथे पुरुषांच्या तळघराच्या थेट डोक्यावर इंग्रजांचे चॅपल होते, आम्हाला बाहेरूनच पाहावा लागला. मला विचाराल तर जेवणाचा डबा घरून न्यावा, एल्मिनाला किमान अडीच तास हवेत असे पैसे भरतानाच लेखी मागावे, आणि चॅपलमध्ये गटाच्या मागे राहावे. पायऱ्या उंच आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी काठी न्यावी.

कंपनीला पाचपैकी तीन गुण. परतल्यावर त्यांनी अभिप्रायाचा अर्ज पाठवला, त्यात वातानुकूलन, चालकाचे वर्तन आणि जेवण असे तीन रकाने होते. खाली इतर सूचनांच्या जागी मी चॅपलसाठी अर्धा तास ठेवावा असे लिहिले. दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश आला, आणि सोबत पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलत.