घरच्या एकुलत्या एक द्राक्षवेलीसाठी छाटणीवाला बोलावला: चार तारे

आधीच सांगते, ज्यांना मांडवाखाली सावली हवी आहे आणि द्राक्षं आली काय, न आली काय सारखंच, त्यांनी या माणसाला अजिबात बोलावू नये. तो ऐन एप्रिलमध्ये येतो आणि पाऊण तासात सगळी सावली कापून अंगणात टाकतो. आमच्या ह्यांनी बाहेर येऊन पाहिलं आणि मला एवढंच विचारलं, "जिवंत आहे का?"

घर नाशिकला, माहेर निफाड तालुक्यात. 2018 साली भावाने डॉगरिज खुंटावर (म्हणजे फक्त मुळांसाठी लावतात त्या वेलीवर) बांधलेलं थॉमसन द्राक्षाचं कलम आणून दिलं. गाडी लावायच्या जागेवर 10 बाय 14 फुटांचा लोखंडी मांडव केला, त्यावर वेल चढवली. वेल फोफावली. पाहुणे म्हणायचे, वा, काय छान! आणि फेब्रुवारीत मी बाजारातून किलोवर द्राक्षं आणायचे. निफाडच्या मुलीने! भावाला म्हणावं तर त्याच्या अडीच एकराची छाटणी नेमकी त्याच आठवड्यांत असते, माझ्या एका वेलीसाठी तो कुठून येणार?

म्हणून जानेवारी 2023 मध्ये एका ॲपवरून माळी बोलावला. 899 रुपये. टोपी, गणवेश, आधीचे-नंतरचे फोटो, सगळं नीटनेटकं. मेंदीचं कुंपण कापावं तशी त्याने वेल चारी बाजूंनी कापून चौकोनी केली. जानेवारी का, तर त्याने पाहिलेल्या व्हिडिओत जानेवारीच होता. अहो, तिकडे युरोपात जानेवारीत वेल पानं झाडून निजलेली असते, तेव्हा वर्षातून एकदा छाटली की झालं. आपल्याकडे ती निजतच नाही. त्या महिन्यात बागांमधून मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं. म्हणून आपल्याकडे दोन छाटण्या: एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये घडांसाठी गोडी छाटणी. हे मला ठाऊक होतं, तरी गणवेश पाहून मी गप्प बसले. त्याला एक तारा, झाडलोट उत्तम केली म्हणून.

खरा परीक्षणाचा विषय आता. भावाने त्याच्याकडच्या छाटणीच्या टोळीतल्या एका मामांचा नंबर दिला. पेठ तालुक्यातले आहेत, हंगामात दिंडोरी-निफाडकडे एकरावर ठेका घेऊन छाटणी करतात. एका वेलीसाठी यायला तयार नव्हते. भावाने शब्द टाकला म्हणून 14 एप्रिल 2024 ला, रविवारी, दिवसाचं काम उरकून संध्याकाळी पाचला आले. 600 रुपये आणि जाण्यायेण्याचं भाडं ठरलं.

चहा बाजूला ठेवून ते आधी मांडवाखाली फिरले. वर नव्हे, खाली बघत होते. बुंध्याशी बसून म्हणाले, "ताई, ही जाड फांदी द्राक्षाची नाय. खुंट फुटलाय हा." कलमाच्या जोडाच्या खालून डॉगरिजचीच फूट निघाली होती आणि अर्धा मांडव तिनेच व्यापला होता. पानाचा चेहराच वेगळा होता, मला सहा वर्षांत दिसला नव्हता. ॲपवाल्या माळ्याने तर तीच जोमदार म्हणून राखली आणि थॉमसनची बारीक काडी कापली! मामांनी ती फूट बुडातून काढली. मग वर चढले.

वर काय केलं ते नीट लिहिते, कारण पैसे त्याचेच आहेत. एक सरळ खोड ठेवलं. मांडवाच्या खाली वीतभर अंतरावर त्याला दोन हात, म्हणजे ओलांडे, एक डावीकडे एक उजवीकडे, पाइपाला सुतळीने सैल बांधले. (मी प्लास्टिकच्या दोरीने करकचून बांधायचे. ती सालीत रुतली होती, ते पाहून त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.) ओलांड्यावरच्या काड्या एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, ठेवून खरडल्या. बाकी सगळं खाली. मोठ्या जखमांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. सुटलेली साल हाताने सोलून काढली, तिच्याखाली पिठ्या ढेकूण ही कीड लपते म्हणून. दुसऱ्या दिवशी कापलेल्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळत होतं. मी घाबरून फोन केला. "रडू द्या," म्हणाले आणि फोन ठेवला.

सहा वर्षं घड का आले नाहीत, याचं उत्तर मला मेमध्ये कळलं. ते पुन्हा आले, 300 रुपयांत. फुटलेल्या फुटींची विरळणी केली, चार-चार बोटांवर एक काडी ठेवली आणि सात पानांची झालेली फूट पाच पानांवर खुडली. पुढे जी फूट निघते ती सबकेन. पुढच्या फेब्रुवारीचा घड खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीच्या डोळ्यात ठरून जातो. तेव्हा त्या डोळ्याला ऊन लागलं नाही, तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो तंतू, निघते. माझा मांडव सहा वर्षं स्वतःच्याच सावलीत बसला होता.

ऑक्टोबरची गोडी छाटणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 13 तारखेला. यावेळी कात्री जपून चालली. सबकेनच्या गाठीच्या वर एक-दोन डोळे ठेवून कापलं, कारण घडाचे डोळे गाठीपाशी असतात. टोकाच्या डोळ्यांना लाल रंग मिसळलेली हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली, डोळे एकदम फुटावेत म्हणून. त्यासाठी हातमोजे घालायला मी लावले, भांडी घासायचे पिवळे रबरी दिले. हे औषध विषारी आहे, आणि लावण्याच्या आगेमागे एक घोट दारू घेतली तरी माणूस आडवा होतो. मामा म्हणाले, आमच्या टोळीत त्या आठवड्यात सगळे माळकरी असतात.

आता तक्रारी. कापलेला सगळा पाला अंगणात तसाच टाकून जातात, दोन वेळा घंटागाडीवाल्याशी माझी बाचाबाची झाली. फोन दहापैकी आठ वेळा उचलत नाहीत. समजावून काही सांगत नाहीत, विचारलं तर एका वाक्यात उत्तर. माझी 1,200 रुपयांची नवीकोरी कात्री हातात घेऊन उघडझाप केली आणि परत दिली. काही बोलले नाहीत, पण मी ती आता कढीपत्त्याला वापरते. आणि छाटणीनंतरचं सगळं तुमच्या गळ्यात. कोवळे डोळे उडद्या नावाचा भुंगेरा कुरतडतो, तो मी बॅटरी घेऊन हाताने वेचला. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस झाला, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने एक टक्का बोर्डो फवारलं, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना. मण्यांची विरळणी मामा करत नाहीत, "ते बायांचं काम" म्हणतात. त्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. विरळणी मीच केली, चष्मा लावून, स्टुलावर उभी राहून. मान आठ दिवस दुखत होती.

घड आले 31. बुलबुलांनी पाच नेले, मग जुनी मच्छरदाणी बांधली. 17 फेब्रुवारीला पहिला तोडला. मणी बाजारापेक्षा बारीक, कारण मणी फुगवायच्या जीए या औषधात बुडवले नव्हते, पण साल पातळ आणि गोडी थेट जिभेच्या टोकाला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, निफाडहून आणले का? मी मान वर केली. त्यांनी मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पण मेमध्ये तुमची गाडी फार तापते हो."

पाचवा तारा पाल्यासाठी आणि फोनसाठी कापला आहे. नंबर इथे देत नाही, मामांना विचारल्याशिवाय देणार नाही. तुमच्या ओळखीत कुणाची द्राक्षबाग असेल तर त्यांच्याच टोळीत चौकशी करा, आणि एप्रिलसाठी मार्चमध्येच बोलून ठेवा. मी परवा केला होता फोन. नवव्या वेळी उचलला. म्हणाले, "बघू."