जमैकन भोजनसंध्या: ताटात जमलेली, फलकांवर अर्धी राहिलेली

जमैकाला ६ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळाले. त्या निमित्ताने कोरेगाव पार्कमधील एका लहान कॅफेने जमैकन जेवण आणि त्या देशाच्या इतिहासातील दुर्लक्षित स्त्रियांविषयीचे छोटे प्रदर्शन असा एकत्र कार्यक्रम ठेवला होता. दर माणशी १,८०० रुपये होता.

जेवणात नाव ठेवण्यासारखे थोडे होते. मसाला लावून धुरावर भाजलेल्या जर्क चिकनला पिमेंटोच्या (ऑलस्पाइसच्या झाडाच्या) लाकडाचा धूर लाभला नसला, तरी ऑलस्पाइस आणि स्कॉच बॉनेट मिरचीचे वाटण आतपर्यंत मुरले होते. बोकडाच्या मटणाची करी १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांमुळे तिकडे रुजली, त्यामुळे ती फारशी परकी वाटली नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच्याच किसाची ‘बॅमी’ मात्र वेगळी आणि उत्तम होती. कलालू म्हणून माठाची भाजी वाढली होती. त्यात फसवणूक काही नाही, कारण जमैकातील कलालूही माठाच्याच कुळातील असते. लाल अंबाडीच्या बोंडांचे आले घातलेले सरबत दुसऱ्यांदा मागवावे असे होते.

प्रदर्शनातील सर्वांत विचारपूर्वक केलेला फलक नॅनीचा होता. गुलामगिरीतून निसटून ब्लू माउंटन्सच्या आश्रयाने राहिलेल्या मरून लोकांची ही नेता. ब्रिटिशांना १७३९-४० मध्ये मरूनांशी तह करावे लागले, त्यामागे तिच्या लोकांचा लढाही होता. ब्रिटिश कागदपत्रांत तिचा उल्लेख मोजक्याच ठिकाणी येतो आणि बाकीची नॅनी मरूनांच्या मौखिक परंपरेने जपली आहे, हा भेद फलकाने लपवला नाही. आज जमैकाच्या सात राष्ट्रीय वीरांमध्ये ती एकमेव स्त्री आहे आणि ५०० डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आहे.

मेरी सीकोलच्या फलकाने मात्र निराशा केली. किंग्स्टनमध्ये १८०५ साली जन्मलेल्या, आईकडून औषधोपचार शिकलेल्या आणि परिचारिका म्हणून पाठवण्यास ब्रिटिश सरकारने नकार दिल्यावर स्वखर्चाने क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेलेल्या या स्त्रीची ओळख फ्लॉरेन्स नाइटिंगेलशी तुलना करूनच दिली होती. जिच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून फलक लावायचा, तिलाच पुन्हा दुसरीच्या मापाने मोजायचे, हे मला पटले नाही.

माझा मुख्य आक्षेप ताट आणि फलक यांची सांगड न घातल्याबद्दल आहे. गुलामगिरीच्या काळात स्वतःच्या तुकड्यावर पिकवलेले कंद आणि भाज्या रविवारच्या बाजारात विकणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्यानंतरच्या ‘हिग्लर’ विक्रेत्या यांच्याशिवाय हे जेवण सांगताच येत नाही. त्यांच्याविषयी एक ओळही नव्हती. तसेच संध्याकाळभर स्का हे जमैकन नृत्यसंगीत लावले होते, पण त्यातील अनेक वादकांना किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये घडवणाऱ्या सिस्टर मेरी इग्नेशियस यांचे नाव कुठेही आले नाही. या दोन उणिवा भरून काढायला आणखी दोन फलक पुरले असते.

आयोजकांचा हा कार्यक्रम पुढील वर्षी पुन्हा करण्याचा मानस आहे. मांसाहारी मंडळींनी जरूर जावे. शाकाहारी व्यक्तींनी आधी फोन करून पदार्थ विचारून घ्यावेत, कारण बॅमी, कलालू आणि राजमा घातलेला नारळाच्या दुधातील भात यांपलीकडे त्यांच्यासाठी काही नव्हते आणि दर मात्र तोच होता.