छोट्या मिलिंग मशीनला हवेवर चालणारा ड्रॉबार

सांगलीतील एका छोट्या वर्कशॉपने माझ्या आर-८ स्पिंडलच्या (म्हणजे टूल फिरवणाऱ्या, आर-८ या प्रमाणित मापाच्या दांड्याच्या) हौशी मिलिंग मशीनला हवेच्या दाबावर चालणारा ड्रॉबार, म्हणजे स्पिंडलच्या आतून टूलची पकड वर ओढणारी सळई, बसवून दिला. बशीच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरांची चळत ड्रॉबार सतत वर ओढून कोलेट (टूल धरणारी चिरा असलेली नळी) आवळून धरते आणि सिलिंडरने तो खाली दाबला तरच टूल सुटते; त्यामुळे वीज गेली किंवा कॉम्प्रेसर बंद पडला तरी पकड ढिली होत नाही, हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाऊण इंची दांड्याचे होल्डर स्पिंडलच्या तोंडाला टेकून बसत असल्याने टूलची लांबी दर वेळी मोजावी लागत नाही. मात्र स्पिंडल फिरत असताना हवा रोखणारा इंटरलॉक मूळ कामात नव्हता, तो मी आग्रहाने बसवून घेतला. त्याची खात्री पटल्यावरच टूल चेंजरचे (टूल आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचे) काम सोपवणार आहे.