साडेसातशे किलोचा ट्रेलर काट्यावर तेराशे दहा भरला

बायपासवरच्या धर्मकाट्याची पावती मी अजून पाकिटात ठेवली आहे. तिच्यावर आकडा आहे १,३१० किलो. त्याच ट्रेलरच्या दांड्यावर रिव्हेट मारून बसवलेली पट्टी सांगते, वजन ७५० किलो. साडेपाचशे किलोचं हे खोटं मागे बांधून मी माझ्या ७४ वर्षांच्या आईला घेऊन इंदूर-ओंकारेश्वर रस्त्यावरचा भेरू घाट उतरायला निघालो होतो. घाटाच्या अलीकडे एका ट्रक ड्रायव्हरने हटकलं नसतं, तर आज हे लिहायला मी असतो की नाही, सांगता येत नाही. माझ्या ओळखीतल्याच दोघांनी असा गाडीमागे ओढायचा, आत राहता येणारा ट्रेलर घ्यायची चौकशी सुरू केली आहे, म्हणून सगळं लिहून काढतो.

आईला नर्मदा परिक्रमा करायची होती. पायी शक्य नाही, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. गाडीने परिक्रमा करणारे खूप आहेत, पण आईची अडचण जेवणाची किंवा झोपायची नव्हती, संडासाची होती. आश्रमांत, धर्मशाळांत बहुतेक ठिकाणी खाली बसावं लागतं आणि तिला बसता येत नाही. ती हे कुणाला सांगायची नाही. फक्त म्हणायची, "राहू दे रे, पुढच्या जन्मी बघू." इंदूरजवळ बिचोलीला आमची छोटी नर्सरी आहे, झाडं पोचवायला डबल कॅबिनचा पिकअप आहे. त्याच्यामागे कमोड असलेली, पलंग असलेली चाकांवरची खोली जोडली, तर प्रबोधिनी एकादशीनंतर तिला घेऊन निघता येईल, हे माझ्या डोक्यात बसलं. आणि ते डोक्यात बसल्यावर मी बाकी विचार करणं सोडलं.

मोबाइलवर एका वर्कशॉपचा व्हिडिओ दिसला. शहराबाहेर हायवेलगत पत्र्याचं शेड. तिथे गेलो तेव्हा पांढराशुभ्र ट्रेलर उभा होता. आत सनमायका, एलईडीच्या पट्ट्या, छोटं किचन, कमोड, छतावर सोलर पॅनल. बायकोने नळ सोडून पाहिला, पाणी आलं. मुलगी पलंगावर उड्या मारत होती. मालक बोलायला गोड. "भिया, पूरी बॉडी अॅल्युमिनियम की है. खाली साढ़े सात सौ किलो. आपकी गाड़ी को पता भी नहीं चलेगा." ब्रेकचं विचारलं तर म्हणाला, इतक्या हलक्या ट्रेलरला ब्रेक लागतच नाहीत, तरी आम्ही लावले आहेत. पुढे सांगितलं की नॅट्रॅक्सला टेस्ट झालेला आहे. इंदूरच्या माणसासमोर हे नाव घेतलं की तो निम्मा विरघळतो. पिथमपूरच्या त्या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला तेव्हापासून आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण तिथे चाचणी झाली असेल तर तिचा कागद असतो. तो मी मागितला नाही.

त्याचं एक वाक्य मात्र आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आईकडे बघून तो म्हणाला, "माताजी को अंदर सुला देना, नींद में ओंकारेश्वर पहुँच जाएँगी." चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचाच नसतो, हे त्याला माहीत नसेल असं मी मानत नाही.

सौदा ५ लाख ६० हजारांना ठरला. दीड लाख आगाऊ, बाकी ट्रेलर घरी पोचल्यावर. पोचवायला त्याचाच माणूस त्याचीच गाडी घेऊन आला, पिकअपला हुक बसवून गेला, आणि पैसे घेऊन गेला. म्हणजे शेवटचा रुपया देईपर्यंत मी तो ट्रेलर स्वतः एक किलोमीटरही ओढला नव्हता. माझी समजूत अशी, की रोज हजार किलो माती आणि कुंड्या वाहणारी गाडी साडेसातशे किलो सहज ओढेल. ही समजूतच चुकीची. पाठीवर वाहायचं वजन वेगळं आणि मागे ओढायचं वजन वेगळं. गाडीच्या पुस्तकात ओढायचा आकडा असेल तर तो वेगळा दिलेला असतो, ब्रेकवाल्या ट्रेलरला एक आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला दुसरा, बराच कमी. शिवाय ट्रेलरचं नाक हुकावर जेवढा भार टाकतं तेवढा गाडीच्या पाठीवरच्या वजनातून वजा करावा लागतो.

एकादशीच्या दोन आठवडे आधी रंगीत तालीम म्हणून ओंकारेश्वरला जाऊन यायचं ठरलं. आईला आत झोपवायचं नाही, हे ठरवायची वेळच आली नाही. तीच म्हणाली, "मला रस्ता बघायचाय," आणि जपमाळ घेऊन मागच्या सीटवर बसली. बायपासवर ६० च्या पुढे गेलो तसं स्टिअरिंग हलकं झाल्यासारखं वाटलं. तेजाजी नगरच्या अलीकडे एक कंटेनर शेजारून गेला. त्याच्या हवेने ट्रेलरचं शेपूट उजवीकडे गेलं, मग डावीकडे, मग आणखी जोरात उजवीकडे, आणि आमचा पिकअप त्याच्याबरोबर मागून हलायला लागला. बायको किंचाळली. माझा पाय ब्रेकवर जाणार होता, पण भीतीने मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून बसलो आणि पाय अॅक्सिलरेटरवरून सुटला. तेच बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला की मागचं वजन गाडीला ढकलतं आणि झोल वाढतो. वेग आपोआप उतरू द्यायचा, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही.

तरीही मी परतलो नाही. मला वाटलं, माझा हात बसलेला नाही. चाळीसच्या वेगाने सिमरोल ओलांडलं आणि चहाला थांबलो.

तिथे एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर होते. कौतुकाने ट्रेलरभोवती फिरले, वाकून खाली पाहिलं. मग आमच्या पिकअपच्या मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला, ड्रम इतका तापला होता. नंतर ट्रेलरच्या चाकाच्या ड्रमवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. मला म्हणाले, "हाथ लगाओ." मी लावला. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा गार. तीस किलोमीटर आलो होतो, बायपासवर दहा वेळा ब्रेक दाबला होता, आणि ट्रेलरच्या ब्रेकने त्यातलं काहीच केलं नव्हतं. ते म्हणाले, "भैया, घाट में मत उतरना. यह आपको धक्का देके ले जाएगा." त्यांचं नावही मी विचारलं नाही. आई गाडीतून उतरून त्यांच्या पाया पडायला निघाली तेव्हा त्यांनी तिचे हात धरले.

पंचवीसच्या वेगाने परत फिरलो. वाटेत बायपासवरच्या काट्यावर थांबलो. पाणी सोडून दिलं, सिलिंडर आणि सामान काढलं, ट्रेलर सोडवून एकटाच काट्यावर उभा केला. १,३१०. काटेवाल्याला पुन्हा करायला सांगितलं. १,३१०.

पुढच्या आठवड्यात एका जाणत्या मिस्त्रीकडून सगळं उघडून घेतलं. ब्रेकची केबल ड्रमपर्यंत गेलीच नव्हती. चासिसखाली अँगलला बाइंडिंगच्या तारेने गुंडाळून ठेवली होती. हँडब्रेकचा दांडा ओढला की कट् कट् असा छान आवाज यायचा, आणि जॅकवर उचललेलं चाक माझ्या मुलीने एका बोटाने फिरवलं. "पूरी बॉडी अॅल्युमिनियम" ही गोष्टही तिनेच उघडी पाडली. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून तिने भिंतीला लावलं, ते चिकटून बसलं. अॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. बाहेर लोखंडी पत्रा, आत लोखंडी चौकोनी पाइप, त्यावर जाड प्लाय. जास्तीचे साडेपाचशे किलो तिथे होते.

टायर काळेभोर चकचकीत होते. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या एका टायरवर १११३ होतं, म्हणजे २०१३ सालचा अकरावा आठवडा. दुसऱ्यावर ते आकडे घासून टाकले होते. हुकाचा गोळा व्हर्नियरने मोजला तर ४७ मिलिमीटर, आणि त्यावर बसणारी वाटी ५० ची. खड्ड्यात उसळली तर ती सुटू शकते. सुटली तरी ट्रेलर गाडीला धरून राहावा म्हणून खाली दोन साखळ्या एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून लावायच्या असतात. आमच्याकडे एकच होती, तीही पातळ.

शेपूट का हललं, ते मी घरीच शोधलं. १५० लिटरची पाण्याची टाकी, बॅटरी आणि किचन, सगळं अॅक्सलच्या मागे. टाकी भरली, ट्रेलर सपाट जागी सरळ उभा केला आणि नाकाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. ३१ किलो. भरलेल्या वजनाच्या साधारण दोन टक्के. अमेरिकेत हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असं धरतात, युरोपातल्या कॅरॅव्हॅनना ५ ते ७ टक्के. नाक हलकं झालं की शेपूट गाडीला नाचवतं. आणि तो ७५० चा आकडाही हवेतून आलेला नव्हता. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं, पण ते वजन भरलेल्या ट्रेलरचं, रिकाम्याचं नव्हे. वर्कशॉपच्या मालकाने ऐकीव आकडा पट्टीवर कोरला होता.

कागदांचं तर याहून वाईट. त्याने दिलेल्या आरसीचा नंबर मी एमपरिवहन या सरकारी अॅपवर टाकला, जो आधी टाकायला दोन मिनिटं लागली असती. वाहन वर्ग आला: शेतीचा ट्रेलर. म्हणजे कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे कागद. मिस्त्रीने रंग खरवडला तेव्हा चासिस नंबरचा तुकडा दुसरीकडून कापून आणून वेल्डिंगने बसवलेला दिसला. ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे. नवा असेल तर विकणाऱ्याने फॉर्म २१, विक्रीचा दाखला, आणि बनवणाऱ्याने फॉर्म २२, रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा दाखला, द्यावा लागतो. त्यांवर नायता मुंडल्याच्या आरटीओत त्याची स्वतःची नोंदणी होते. थर्ड पार्टी विमाही सक्तीचा आहे. आम्ही ट्रॉलीच्या कागदांवर घाटात कुणाला उडवलं असतं, तर त्या घरातल्या लोकांना विम्यातून काय मिळालं असतं, हा विचार मला पैशांपेक्षा जास्त जाळतो.

मालकाला फोन केला तर आधी गोड बोलला. "आजकल में आदमी भेजता हूँ." मग फोन उचलणं बंद. शेवटी शेडवर गेलो, तर शांतपणे म्हणाला, "भाईसाहब, आप भी किसी को टिका दो. चमक तो है ही." याचं उत्तर मला तिथे सुचलं नाही, माझे हात थरथरत होते.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, जुनं ४२० नाही. जिल्हा ग्राहक आयोगातही केस टाकली. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, विकणाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत, आणि ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, वजन लेखी दिलं होतं का? बिलावर फक्त "कॅरॅव्हॅन, १ नग" आहे. सुदैवाने व्हॉट्सअॅपवर "७५० केजी, फुल अॅल्युमिनियम, ब्रेक के साथ" हा त्याचा मेसेज आहे आणि पट्टीचा फोटो आहे. तुम्ही ट्रेलर घेणार असाल तर रिकामं वजन, भरलेलं कमाल वजन, ब्रेकचा प्रकार आणि चासिस नंबर बिलावर लिहून घ्या. पैसे देण्याआधी तो तुमच्याच गाडीला जोडून काट्यापर्यंत ओढत न्या. विकणारा काट्याचं नाव काढताच घाई करायला लागला, तर तिथूनच परत फिरा. आम्ही गेलो त्या दिवशी त्याच्या शेडपासून काटा अर्ध्या किलोमीटरवर होता.

आईची परिक्रमा झाली. मुलीनेच सुचवलं, उचलून नेता येणारी कमोडची खुर्ची घ्यायची. दीड हजारांची ती घडीची खुर्ची पिकअपच्या मागे टाकून, आश्रमांत मुक्काम करत आम्ही गेलो. अमरकंटकला कुंडापाशी आई बराच वेळ उभी होती.

ट्रेलर नर्सरीत कडुनिंबाखाली विटांवर उभा आहे. मागच्या महिन्यात एकजण बघून गेला, आत डोकावून खूश झाला, दोन लाख रोख देतो म्हणाला. मी पाकिटातून काट्याची पावती काढून त्याच्या हातात दिली आणि त्याला खाली वाकून ती तारेने बांधलेली केबल बघायला लावली. कटर लावून तुकडे करायचे माझ्या मनात आहे, पण वकील म्हणतात पुरावा आहे, निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. चाकं मात्र काढून घरी आणून ठेवली आहेत.