एनआयसीयूतल्या बाळाची कानांची तपासणी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निष्कर्ष सांगतो. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बरेच दिवस राहिलं असेल तर फक्त ओएई (आतल्या कानाची झटपट चाचणी) पास झाल्याच्या चिठ्ठीवर थांबू नका, बेरा (आवाजाचे संकेत कानापासून मेंदूकडे पोचतात का ते बघणारी चाचणी) करून घ्याच. आमच्या बाळाच्या दोन्ही झाल्या आणि दोन्हींतला फरक आता चांगला कळलाय.

आमचं बाळ मुदतीच्या बरंच आधी झालं. व्हेंटिलेटर, मग सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देणारं यंत्र), जंतुसंसर्गासाठी अमिकासिन हे अँटिबायोटिक, वर कावीळ. घरी आलं तेव्हाही नाकात ऑक्सिजनची नळी होतीच. यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीने कानांना धोका वाढतो, पण डिस्चार्जच्या वेळी हातात पडली ती ओएईची चिठ्ठी. घरचे म्हणाले, टाळीला दचकतंय की! दचकतं खरं, पण मोठ्या आवाजाला दचकणारं बाळ हळू बोलणं ऐकतंच असं नाही.

ओएई वाईट नाही. कानात छोटा प्रोब, टिकटिक आवाज, आणि आतल्या केशपेशी परत सोडतात तो बारीक प्रतिसाद मोजायचा. डेव्हिड केम्प यांनी 1978 साली तो शोधून काढला. बाळ शांत असेल तर काही मिनिटांत काम होतं. मात्र ही तपासणी कॉक्लियापाशीच, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागापाशीच संपते. पुढे ऐकण्याच्या नसेत गडबड असेल तर ओएई छान येते आणि बेरा बिघडलेली दिसते. याला ऑडिटरी न्युरोपथी म्हणतात आणि एनआयसीयूतल्या बाळांमध्ये ती जास्त आढळते.

बेराची खरी कसरत झोपेची. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड लावायचे, त्याआधी त्वचा खरखरीत जेलने पुसायची. आमच्या बाळाची त्वचा इतकी नाजूक की हलक्या हाताने पुसूनही लाल झाली, शिवाय ऑक्सिजनच्या नळीची चिकटपट्टी नेमकी मध्ये येत होती. ‘उपाशी आणि जागं ठेवून आणा’ ही नेहमीची सूचना, पण वजनासाठी झगडणाऱ्या बाळाला उपाशी कसं ठेवणार? ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी सुचवलं, आधी सगळ्या वायरी लावू, मग आईच्या मांडीवरच दूध द्या. जमलं! झोपेचं सिरप आम्ही टाळलं. मध्येच श्वास थांबायचा इतिहास असलेल्या बाळाला ते द्यायचंच असेल तर सॅच्युरेशनवर (रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीवर) लक्ष ठेवायची सोय हवी, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटर यंत्राच्या घरघरीत बारीक आवाज कसे तपासणार, म्हणून तेवढ्यापुरतं सिलिंडरवर घेतलं.

बेराच्या रिपोर्टमध्ये आलेखातली ‘पाचवी लहर’ किती डेसिबलपर्यंत दिसते ते बघायचं; जितक्या हळू आवाजाला दिसेल तितकं चांगलं. आमच्या डाव्या कानात ती 50 च्या खाली दिसेना. रात्रभर झोप नाही. मग टिंपॅनोमेट्रीत (कानाचा पडदा किती हलतो ते बघणाऱ्या तपासणीत) त्या कानाचा आलेख सपाट आला, म्हणजे पडद्यामागे पाणी. हाडावरून आवाज देऊन केलेल्या बेराने कॉक्लिया ठीक असल्याचं कळलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची टिंपॅनोमेट्री 1000 हर्ट्झवर करतात. मोठ्यांच्या 226 हर्ट्झवर लहानग्यांच्या कानात पाणी असूनही आलेख नॉर्मल दिसू शकतो, तेव्हा हे विचारून घ्या.

एक महिन्यात चाळणी (स्क्रीनिंग), तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय, हे वेळापत्रक सगळीकडे सांगतात. आजारी बाळाच्या बाबतीत तारखा पुढे सरकतात, त्याला इलाज नाही. पण पुढची अपॉइंटमेंट घेतल्याशिवाय आम्ही खोलीतून उठत नव्हतो. मुदतपूर्व बाळाच्या लहरी उशिराच येतात, म्हणून रिपोर्टवर सुधारित वय (मूळ अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) लिहिलंय ना, तेही पाहायचो.

डाव्या कानातलं पाणी आता ओसरलंय आणि नंतरच्या बेरात लहर 30 डेसिबलला दिसली. पुढची पायरी व्हीआरए. आवाज आला की त्या बाजूला उजळणाऱ्या खेळण्याकडे बाळाने मान वळवायची. आमच्या बाळाची मान अजून नीट धरत नाही, त्यामुळे फिजिओथेरपी आधी, व्हीआरए नंतर, असं ठरलंय.